शेल्टरमधला मायाळू, मोठा कुत्रा घरी आणताना

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. घरात तुम्ही दोघं आणि आठ वर्षांची मुलगी. दोघंही नोकरी करता. शेल्टरमध्ये साधारण पाच वर्षांचा एक कुत्रा भेटला, तिथे त्याला टायगर म्हणतात. तुम्ही खाली बसलात तसा तो आला, अंगाला टेकून बसला, मुलीचा हात चाटला आणि तुम्ही निघालात तेव्हा जाळीपाशी उभा राहून बघत राहिला. घरातली मोठी माणसं म्हणतात, आणायचंच तर पिल्लू आणा. मोठ्या कुत्र्याला लळा लागत नाही, आणि शेल्टरमधल्या जनावराचा भरवसा काय धरायचा. इतका गरीब स्वभाव घरी आल्यावरही तसाच राहील का, ही तुमची शंका.

आणा. मी बिनदिक्कत सांगते, आणा. फक्त त्याआधी आणि त्यानंतर काय करायचं ते नीट समजून घ्या.

मी सतरा वर्षं शेल्टरमधल्या कुत्र्यांसोबत काम करतेय. त्यांचा स्वभाव बघणं, घर जुळवून देणं आणि घरी गेल्यावर काही बिनसलं तर तिथे जाऊन बसणं, हे माझं काम. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पुन्हापुन्हा दिसली. भित्र्या कुत्र्याला लोक जपतात. चिडक्या कुत्र्यापासून लोक स्वतःला जपतात. मायाळू कुत्र्याला मात्र कुणी वेळच देत नाही. तो सगळ्यांकडे जातो, म्हणून त्याला सगळं चालतं असं धरून चालतात. पहिल्याच दिवशी पाहुणे, दुसऱ्या दिवशी गर्दीतली फेरी, तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलांचा गराडा. चौथ्या दिवशी तो गुरगुरला की सगळ्यांना धक्का बसतो आणि ‘याचा खरा स्वभाव बाहेर आला’ असं म्हणून मोकळे होतात.

माझ्या हातून असं एकदा घडलंय. राणी नावाची सहा वर्षांची कुत्री होती, येईल त्याच्या मांडीवर डोकं ठेवणारी. तिला न्यायला आलेल्या कुटुंबाला मी म्हटलं होतं, ‘हिला कुणीही चालतं, काळजीच करू नका.’ त्यांनी माझा शब्द प्रमाण मानला. त्याच रविवारी तिला बघायला घरभर माणसं आली. ती दिवसभर सगळ्यांना भेटली, शेपूट हलवत राहिली, आणि संध्याकाळी पलंगाखाली जाऊन झोपली. एका काकांनी तिला लाडाने बाहेर ओढलं. तिने हवेत दात वाजवले, कुणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शेल्टरमध्ये परत. तिने आदल्या तीन तासांत पाच-सहा वेळा तोंड फिरवून, जांभया देऊन, ओठ चाटून सांगितलं असणार की आता पुरे. ते वाचायला मी त्या लोकांना शिकवलंच नव्हतं. चूक माझी होती. पुढे ती दुसऱ्या घरी गेली. तिथे पहिले दोन आठवडे एकही पाहुणा आला नाही, आणि त्या घरात तिने नंतर कुणावर आवाजही चढवला नाही. तेव्हापासून ‘कुणीही चालतं’ हे वाक्य मी कुठल्याच कुत्र्याबद्दल बोलत नाही.

आता लळ्याचं बघू, कारण घरातल्यांची खरी भीती तीच आहे. २००१ साली हंगेरीतल्या संशोधकांनी शेल्टरमधल्या मोठ्या कुत्र्यांवर एक साधा प्रयोग केला. एका अनोळखी माणसाने कुत्र्याला दहा-दहा मिनिटांच्या फक्त तीन भेटी द्यायच्या: सोबत राहायचं, कुरवाळायचं, खेळायचं. एवढ्यावरच त्या कुत्र्यांचं त्या माणसाशी वागणं इतर अनोळखी माणसांपेक्षा वेगळं झालं. तो बाहेर गेला की दारापाशी थांबणं, परत आला की त्याला बिलगणं, म्हणजे आपलं माणूस ओळखल्याची सगळी लक्षणं दिसली. मोठ्या कुत्र्याची जीव लावण्याची क्षमता आटलेली नसते. उलट शेल्टरमध्ये तिची भूक वाढलेली असते. तुमच्या घरी त्याला अर्धा तास नाही, रोजचे कित्येक तास मिळणार आहेत.

पिल्लाविषयीही स्पष्ट बोलते. पिल्लू मोठं होऊन कसं निघेल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. माणसांची, आवाजांची, इतर प्राण्यांची सवय लागण्याचा त्याचा मुख्य काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा, आणि त्यातला मोठा भाग ते तुमच्याकडे येण्याआधीच सरलेला असतो. पुढे दर दोन-तीन तासांनी बाहेर नेणं, रात्री उठणं, दात येताना कुरतडणं, मग वयात येतानाचा वर्षभराचा हूडपणा. दोघं नोकरीला असलेल्या घरात हे कोण करणार? पाच वर्षांचा कुत्रा समोर दिसतो तो असा आहे. उंची हीच, ताकद हीच, आणि माणूस दिसला की जवळ यावंसं वाटणं हेही त्याच्यात मुरलेलं. लहान मूल असलेल्या घराला मी बहुतेक वेळा असाच कुत्रा सुचवते.

मात्र शेल्टरमध्ये दिसलेला प्रेमळपणा कशाचा आहे हे पारखून घ्या. तिथला कुत्रा नेहमीच्या मनःस्थितीत नसतो. शेल्टरमध्ये आल्यावरच्या पहिल्या तीन दिवसांत कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तिथे मुरलेल्या कुत्र्यांपेक्षा बरंच जास्त असतं, हे १९९७ सालीच मोजलं गेलंय. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी असंही दाखवलं की कुत्र्याला एक-दोन रात्री कुणाच्या घरी झोपायला पाठवलं तरी हे प्रमाण खाली येतं, आणि शेल्टरमध्ये परतल्यावर पुन्हा आधीच्या पातळीवर जातं. सतत भुंकण्याचा आवाज, झोप नाही, माणसांचा सहवास मिनिटांत मोजण्याइतका. अशा जागी कुणी पाच मिनिटं जमिनीवर बसलं, तर कितीतरी कुत्रे त्याला चिकटतील. हे खोटं प्रेम नाही. पण त्यावरून तुमच्या स्वयंपाकघरात तो कसा वागेल हे पूर्ण कळत नाही.

म्हणून पुन्हा जा, वेगळ्या वेळी. शक्य असेल तर तीनदा. त्याला पिंजऱ्याबाहेर, शांत अंगणात किंवा खोलीत भेटा आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच करू नका. सुटल्याचा आनंद ओसरू द्या. मग बघा. मोकळा, मऊ पडलेला देह, सैल तोंड, वळणं घेत येणारी चाल, अधूनमधून जरा लांब जाऊन परत तुमच्याकडे येणं, ही खरी मैत्री. याउलट अंग चोरून येणं, कान मागे चिकटलेले, ओठ घट्ट मिटलेले, जवळ गेलं की थेंबभर शू, पोट वर करून पडणं पण अंग ताठ, यात प्रेमापेक्षा विनवणी जास्त असते: ‘मला काही करू नका.’ असा कुत्राही चांगला निघतो, पण त्याला लागणारा वेळ वेगळा. फक्त हलणाऱ्या शेपटीवर विसंबू नका. ताणातला कुत्राही शेपूट हलवतो, ती ताठ, उंच आणि भरभर हलते.

एक चाचणी मी प्रत्येकाला करायला सांगते. छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद कुरवाळा आणि हात काढून घ्या. तो नाकाने हात ढोसून आणखी मागतो का, नुसता उभा राहतो, की अंग झटकून बाजूला होतो? पुन्हा मागितलं तरच पुन्हा कुरवाळा. हेच मुलीकडून तुमच्या देखरेखीखाली करवून घ्या. पुढे घरी हीच सवय तिच्या उपयोगी पडणार आहे.

तुमच्या टायगरने जे केलं, जवळ येऊन टेकून बसला, त्याविषयी थोडं. दत्तक घ्यायला आलेली माणसं कशावरून ठरवतात याचा अभ्यास २०१४ मध्ये झालाय. कुत्र्याच्या बऱ्याच हालचाली नोंदल्या, पण निर्णयावर परिणाम करणाऱ्या दोनच निघाल्या: तो माणसाजवळ येऊन पडतो का, आणि माणसाने खेळायला बोलावलं तर दुर्लक्ष करतो का. म्हणजे तुमचं मन जिथे वितळलं, तिथेच बहुतेकांचं वितळतं. शेजारच्या पिंजऱ्यातला कुत्रा आला नसेल, तर तो वाईट आहे असं समजू नका. कदाचित त्याचा तिथला दुसराच दिवस असेल.

शेल्टरमध्ये माहिती विचारताना ‘स्वभाव कसा आहे’ असं विचारलं की ‘खूप छान आहे’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी तो काय करतो ते विचारा, आणि जो रोज त्याला खायला घालतो, त्याची जागा साफ करतो त्याला विचारा. ताट भरताना तो कुठे उभा राहतो? खाताना जवळून गेलं तर खाणं थांबवतो का, अंग ताठ करतो का? पट्टा लावताना, पाय पुसताना, कानात औषध घालताना काय करतो? दुसरा कुत्रा शेजारून गेला तर? मांजर? लहान मुलांच्या सहवासात त्याला कुणी पाहिलंय का, की मुलांबद्दलचा तो नुसता अंदाज आहे? याआधी कुणी दत्तक नेऊन परत आणलं का, आणणाऱ्याने नेमके कोणते शब्द वापरले? कधी कुणाला दात लागले का? ही शेवटची चौकशी करताना संकोच करू नका. त्यांनाही तुमच्याइतकंच वाटतं की कुत्रा परत येऊ नये.

काही ठिकाणी स्वभावचाचणीचा कागद दाखवतात: खोटा हात ताटात घातला, तेव्हा काय केलं वगैरे. तो वाचा, पण त्यावर निर्णय घेऊ नका. २०१६ मध्ये अशा चाचण्यांचा गणिती आढावा घेणाऱ्या एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच म्हटलं होतं की त्यांचा अंदाज नाणं उडवून काढलेल्या अंदाजापेक्षा सरस नसतो. खाण्यावरून गुरगुरण्याचंच घ्या. शेल्टरमध्ये जे कुत्रे ताटावरून गुरगुरले त्यांच्यातले साधारण निम्मेच घरी गेल्यावर तसे वागले, असं एका अभ्यासात आढळलं. कामगारांची रोजची वही आणि स्वयंसेवकांच्या आठवणी मला या कागदापेक्षा भरवशाच्या वाटतात. तो एखाद्या फॉस्टर घरी, म्हणजे कुत्र्याला तात्पुरतं सांभाळणाऱ्या कुणाच्या घरी राहून आला असेल, तर त्या माणसाशी बोलणं मिळवाच. त्याने पाहिलेल्या दोन रात्री दोन महिन्यांच्या पिंजऱ्यातल्या नोंदींपेक्षा जास्त सांगतात.

कार्डावर ‘अमुक जातीचा मिक्स’ असं लिहिलेलं असतं, त्यावरून स्वभाव ठरवू नका. रूपावरून केलेला जातीचा अंदाज डीएनए तपासणीत बऱ्याचदा चुकलेला निघतो. आणि जात बरोबर असली तरी, १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर २०२२ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात कुत्र्या-कुत्र्यांमधल्या वागण्याच्या फरकापैकी सुमारे ९ टक्केच जातीने उलगडतो असं दिसलं. तुमच्यासमोर जो बसला होता तोच बघा.

आता घरी आणण्याचा दिवस. तो सुट्टीच्या आधीचा निवडा, आणि त्याला न्यायला जाताना दोन गोष्टी सोबत न्या: नीट मापाचा हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, आणि गळ्यातला पट्टा, दोन्ही एकाच वेळी दोरीला जोडता येतील असे. नवा कुत्रा पळून जाण्याचा धोका सर्वात जास्त सुरुवातीच्या दिवसांत असतो, आणि मायाळू कुत्र्याच्या बाबतीत लोक इथेच गाफील राहतात. तो तुमच्याकडे येतो म्हणजे त्याला तुमचं घर माहीत आहे असं नाही. गाडीचं दार उघडलं, मागून काही आपटलं, त्याने डोकं मागे खेचलं आणि साधा पट्टा कानांवरून निसटला की संपलं. मार्टिंगेल नावाचा पट्टा मिळतो, तो ओढल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळतो आणि डोक्यावरून निघत नाही. पहिले काही आठवडे बाहेर कुठेही दोरी सोडायची नाही, अंगणाला कुंपण असलं तरी. घराच्या मुख्य दाराचं एकच माणूस बघेल असं ठरवा, आणि मुलीला सांगा की दार उघडण्याआधी टायगर कुठे आहे ते मोठ्याने विचारायचं.

शेल्टरमधून थेट घरी. वाटेत कुणाला दाखवायला थांबू नका. आत जाण्याआधी पुढे जिथे शी-शूला नेणार आहात तिथे त्याला घेऊन जा आणि त्याचं होईपर्यंत थांबा. मग दोरीसकट घरात फिरवा, आणि एका खोलीत त्याचं अंथरूण, पाणी ठेवा. अंथरूण भिंतीच्या कडेला, येण्याजाण्याच्या वाटेवर नको. तिथे तो गेला की त्याला कुणीही हात लावायचा नाही, हा घराचा नियम. त्या दिवशी अंघोळ घालू नका. वास येत असेल, येऊ द्या. पाहुणे दोन आठवड्यांनी. फोटो हवे तितके पाठवा, माणसं बोलावू नका.

पहिल्या रात्री तो एकटा बाहेरच्या खोलीत राहून रडला, तर त्यात नवल नाही. माझा सल्ला, पहिले काही दिवस त्याला तुमच्या झोपण्याच्या खोलीत किंवा दाराशी जागा द्या. माणसाचा श्वास ऐकू आला की बरेच कुत्रे झोपतात, आणि कित्येक आठवड्यांनी मिळालेली ती पहिली सलग झोप त्याला फार हवी असते. पुढचे दोन-तीन दिवस तो पडून राहील, तर राहू द्या. झोपलेल्या कुत्र्याला हलवून उठवायचं नाही. लांबून नावाने हाक मारायची.

पहिल्या दिवशी तो जेवला नाही, शी केली नाही, तर घाबरू नका. पाणी पितोय ना ते बघा. पातळ शी होणंही नेहमीचं आहे, ताणामुळे आणि खाणं बदलल्यामुळे. म्हणून तिथे जे खाणं देतात तेच आठवडाभराचं मागून आणा आणि सात ते दहा दिवसांत थोडं थोडं करत तुमच्या खाण्यावर आणा. पण शीत रक्त, पुन्हापुन्हा उलटी, दिवसभर पाणीही न पिणं, श्वास घेताना ओढ लागणं, यातलं काही दिसलं तर वाट न बघता पशुवैद्याकडे जा.

तसं पहिल्या आठवड्यात एकदा पशुवैद्याकडे न्यायचंच आहे. शेल्टरचे लसीकरण, जंतनाशक, नसबंदीचे कागद सोबत न्या. घशात काही अडकल्यासारखा कोरडा खोकला आला तर तो केनेल कफ, म्हणजे एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारा खोकला, असू शकतो. लागण झाल्यापासून दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत लागतात, म्हणून तोपर्यंत इतर कुत्र्यांशी गाठभेट नको. गोचीड आणि त्यांच्यामुळे होणारे ताप, डासांमधून पसरणारा हार्टवर्म, म्हणजे हृदयात वाढणारा जंत, यांची तपासणी तुमच्या भागात लागते का ते विचारा. हार्टवर्मची लागण नवी असेल, तर पहिले साधारण सहा महिने ती तपासणीत दिसत नाही, त्यामुळे निर्धोक निकाल आला तरी नंतर एकदा पुन्हा बघावं लागतं. वय ‘साधारण पाच’ म्हटलंय ते अंदाजाने. कुत्र्याचे पक्के दात सहा-सात महिन्यांत येऊन जातात, त्यानंतर दातांवरचा थर आणि झीज बघून वय सांगतात. टायगर चार वर्षांचा असू शकतो, सातचाही. दात मात्र डॉक्टरांकडून नक्की बघून घ्या. दाढ दुखते म्हणून डोक्याला हात लावू न देणारे आणि त्यावरून ‘चिडका’ ठरलेले कुत्रे मी पाहिलेत. कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप असेल तर तिच्यावरचा पंधरा अंकी क्रमांक तुमच्या नावावर आणि फोनवर नोंदवून घ्या. ती चिप कुत्रा कुठे आहे ते दाखवत नाही, तिला बॅटरीच नसते. कुणाला तो सापडला आणि यंत्राने चिप वाचली तरच ती उपयोगी, आणि तीही नोंद ताजी असेल तर.

तुम्ही दोघं नोकरीला जाता, म्हणून आता जे सांगते त्याला सगळ्यात जास्त जपा. लोक प्रेमाने आठवडाभर रजा घेतात, त्या आठवड्यात एक क्षणही कुत्र्याला एकटं सोडत नाहीत, आणि आठव्या दिवशी सकाळी नऊला दार लावून निघून जातात. माणसांवर जीव असलेल्या कुत्र्याला याहून क्रूर काही नाही. रजा घ्या, पण दुसऱ्या दिवसापासूनच त्याला तुमच्या जाण्याची सवय लावा. दुसऱ्या खोलीत जाऊन दार लोटा आणि तो बेचैन व्हायच्या आत परत या. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, कचरा टाकून येण्याइतका वेळ. चप्पल घाला आणि पुन्हा खुर्चीत बसा. जाताना चघळायला काही द्या, आणि जाताना-येताना गाजावाजा करू नका. जुना फोन लावून त्याच्यावर नजर ठेवा. जरा वेळ दाराकडे बघून तो झोपला तर छान. सतत येरझारा, लाळ, दाराच्या चौकटीला ओरबाडणं, न थांबणारं रडणं, तुम्ही ठेवलेल्या आवडीच्या खाण्याला तोंडही न लावणं दिसलं, तर ती घबराट आहे. तो सूड उगवत नाही, हट्ट करत नाही. त्याला रागावून ती कमी होणार नाही, वाढेल. अशा वेळी लवकर मदत घ्या; वेळ मोजून केलेल्या सरावाने, गरज पडल्यास डॉक्टरांच्या औषधाने, यातले बरेच कुत्रे सावरतात. सुरुवातीचे काही आठवडे दुपारी कुणीतरी येऊन त्याला बाहेर नेईल अशी सोय आधीच करून ठेवा.

मुलीशी तो येण्याआधी बोला. आठ वर्षांच्या मुलांना नियम कळतात आणि नियमाचं कारण सांगितलं तर ती मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात. गळ्यात पडायचं नाही, कारण माणसाला मिठी म्हणजे प्रेम, कुत्र्याला ते पकडून ठेवल्यासारखं वाटतं. खाताना, झोपताना, अंथरुणावर असताना जायचं नाही. त्याला हवं असेल तर तो येईल. तिला कामं द्या: पाण्याचं भांडं भरणं, तुम्ही सोबत असताना त्याला लांबून खाऊ टाकणं, त्याच्या शेजारी बसून मोठ्याने गोष्ट वाचणं. हे शेवटचं मला फार आवडतं. मूल पुस्तकात, कुत्रा निवांत, कुणाचाच कुणावर दबाव नाही. सुरुवातीला दोघांना एका खोलीत एकटं सोडू नका, दोन मिनिटांसाठीही, तो कितीही गरीब असला तरी.

आणि तो कधी गुरगुरला तर त्याला रागावू नका. गुरगुरणं म्हणजे त्याने अजून तोंड न चालवता सांगितलेलं ‘नको’. ते दाबलंत तर पुढच्या वेळी तो न सांगताच चावेल. मुलीला शांतपणे बाजूला घ्या, काय घडत होतं ते आठवून लिहून ठेवा, आणि तो प्रसंग पुन्हा येणार नाही अशी व्यवस्था करा. त्याच्या तोंडात नको ती वस्तू गेली तर हिसकावू नका. त्याहून चवदार काहीतरी पुढे करा, त्याने सोडली की उचला.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशेब शेल्टरची माणसं सांगतात: तीन दिवसांत दडपण उतरायला लागतं, तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. शास्त्राचा नियम नाही, पण मला तो बऱ्यापैकी खरा वाटत आलाय. तुमच्यासाठी त्यातला मधला टप्पा महत्त्वाचा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो दाराच्या बेलवर भुंकेल, खिडकीतून जाणाऱ्या कुत्र्यांवर आवाज करेल, दोरी ओढेल, टेबलावर नाक ठेवेल. घरच्यांना वाटेल बिघडला. खरं तर त्याला आता धीर आलाय, आणि त्याच्या मनातलं तो आता दाखवतोय. इथून शिकवायला सुरुवात करा. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं, खाऊ देऊन: नाव घेतल्यावर बघणं, बोलावल्यावर येणं, अंथरुणावर जाऊन थांबणं. मोठ्या कुत्र्याचं लक्ष पिल्लापेक्षा जास्त वेळ टिकतं, तो भराभर शिकतो. नावही याच वेळी बदलता येईल, तुम्हाला टायगर आवडत नसेल तर. नवं नाव घेतलं की लगेच खाऊ. आठवडाभरात तो मान वळवेल.

त्याच्या भूतकाळाबद्दल एक विनंती. त्याला झाडूची भीती वाटली म्हणजे कुणी झाडूने मारलं असणार, टोपीवाल्याला भुंकला म्हणजे टोपीवाल्याने छळलं असणार, अशा गोष्टी रचू नका. झाडू त्याने कधी पाहिलाच नसेल, असंही असतं. कीव आली की माणसं नियम सैल करतात, आणि त्याला तर ठरलेल्या वेळेचं, ठरलेल्या पद्धतीचं घर हवंय.

जमलं नाही तर? मुलीला किंवा कुणालाही दात लागण्याची भीती खरोखर वाटायला लागली, तर शेल्टरला लगेच कळवा. ‘बघू आणखी महिनाभर’ म्हणत ताणू नका. बहुतेक अडचणी लवकर फोन केला तर सुटतात. न सुटल्या तरी घरात तो कसा वागला याची तुम्ही दिलेली माहिती त्याचं पुढचं घर नीट निवडायला उपयोगी पडते.

पुढच्या भेटीला मुलीला घेऊन जा, खाली बसा, आणि तीन सेकंदांची ती चाचणी करून बघा. त्याचं उत्तर ‘आणखी’ असंच आलं, आणि मला वाटतं ते तसंच येईल, तर कागदपत्रं करताना त्याच्या पिंजऱ्यातलं पांघरूण मागून घ्या. मळकं असेल, वास येत असेल, धुऊ नका. पहिल्या रात्री तेच त्याच्या नव्या अंथरुणावर घाला. तुमच्या घरात त्याच्या ओळखीचं तेवढंच असेल.